टिटवीची पिन

१२ जानेवारी, सोमवार

साखर कारखान्याची डायरी दरवर्षी घरात येते आणि दरवर्षी माझी बायको सुरय्या ती नातवाला चित्रं काढायला देऊन टाकते. यंदा मी आधीच तिला बजावलं, हिला कुणी हात लावायचा नाही. येत्या ३१ मेला मी रिटायर होतोय. देवळाली प्रवरेच्या या हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर म्हणून चौतीस वर्षं घासली. परिचर म्हणजे बाटल्या धुणारा. पण शाळेतली बंद पडलेली वस्तू सुरू करून देणारा माणूस एकच, गनीभाई शेख. घंटा, माईक, पंखे, बोअरची मोटर, सगळं माझ्याच हाताखालून गेलंय. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही, म्हणून मीच लिहितो.

आज हेडमास्तर दातीर सरांनी बोलावलं. विज्ञानाच्या सरांची जागा जूनपासून रिकामी आहे. सरांनी एक पुस्तिका पुढं सरकवली. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, त्या दिवशी नगरला शाळांची रॉकेटची स्पर्धा आहे. पुठ्ठ्याचं हातभर रॉकेट, त्यात एक कच्चं अंडं ठेवायचं, वर सोडायचं आणि पॅराशूटनं खाली आणायचं. अंडं तडकलं की बाद.

"गनीभाई, तुम्हीच बघा."

मी म्हटलं, सर, मी परिचर माणूस. ते म्हणाले, "कागदावर मार्गदर्शक म्हणून माझं नाव घालतो, तुम्ही फक्त काम करा." नेहमीचंच आहे ते.

१७ जानेवारी, शनिवार

तिघांची टीम झाली, सगळी नववीतली. पार्थ सुताराचा, त्याचा हात साफ. संस्कृती म्हणजे खतांच्या दुकानवाल्या मच्छिंद्रशेठची मुलगी. मच्छिंद्रशेठ शाळा समितीवर आहेत, पण पोरगी गुणाची. आणि तिसरी फलक, आमच्याच गल्लीतली. तिचा बाप अझहर उसाच्या ट्रकवर असतो, हंगामात घरी दिसत नाही. आई सुमैरा ब्लाऊज शिवते. ती तयारच नव्हती. पोरीची जात, रानात जाऊन रॉकेट कसली उडवते? मी दोन दिवस तिच्या दारात बसलो. शेवटी म्हणाली, "गनीभाई, तुमच्या भरवशावर पाठवते." मी म्हटलं, माझी नात समज.

आता तीच सुमैरा जुन्या छत्रीच्या कापडाचं पॅराशूट शिवून देते आणि टाका वाकडा गेला की उसवून परत घालते.

अंडी आमच्या सुरय्याच्या गावरान कोंबड्यांची. दातीर सर माळकरी. टेबलावर अंडं बघून त्यांनी आधी खिडकीबाहेर बघितलं, मग हळूच विचारलं, "पुस्तिकेत याला काय म्हणतात?"

"पेलोड."

"मग पेलोडच म्हणा. शाळेत दुसरं नाव घेऊ नका."

पोरं आता मुद्दाम म्हणतात, गनीभाई, कोंबडीनं आज पेलोड दिला का?

रॉकेटचं नाव फलकनं ठेवलं, टिटवी. सर म्हणाले, अगं, टिटवी अशुभ असते, ओरडली की काहीतरी वाईट होतं म्हणतात. फलक म्हणाली, "सर, ती उघड्या रानात अंडी घालते, तरी सांभाळते. म्हणून ओरडते." पोरीची जीभ लवंगी मिरची आहे. मला म्हणते, "चाचा, वर कुणीपण नेईल. सांभाळून खाली आणायला डोकं लागतं."

२१ जानेवारी, बुधवार

नगरहून किट आलं. बारूदाची इंजिनं, पेटवायच्या बारीक तारा आणि हातात धरायचा एक बॉक्स. बॉक्सला लांब वायर, तिच्या टोकाला दोन चिमटे. चिमटे रॉकेटखालच्या तारेला लावायचे, पंधरा पावलं लांब जायचं, बटण दाबायचं. तार तापते, इंजिन पेटतं. बॉक्सला एक पितळी पिन आहे, तिला लाल फीत. पिन खाचेत असली तरच बॉक्सवरचा बारीक दिवा लागतो आणि बटण चालतं, नाहीतर बॉक्स मेलेला. म्हणून पिन बॉक्सवाल्याच्या गळ्यात राहते आणि रॉकेटजवळचे सगळे लांब आल्यावरच खाचेत जाते.

बॉक्स फलककडे. चिमटे लावणार संस्कृती. दिवसभर फलकचं एकच, पिन गळ्यात घालायची आणि मेलेल्या बॉक्सवर पाच, चार, तीन, दोन, एक म्हणत बटण दाबायचं. मी म्हटलं, बाई, बटण झिजेल. म्हणाली, आवाज थरथरायला नको म्हणून तालीम करते. पुस्तिका हिची तोंडपाठ आहे, कुणाची चूक दिसली की पान नंबर सांगते.

२६ जानेवारी, सोमवार

अब्रू गेली.

झेंडावंदनानंतर सगळ्या गावासमोर टिटवी उडवायची होती. मीच सरांच्या मागं लागून ठरवलं होतं. मैदानाच्या मधोमध दोरी लावून जागा केली, माईक लावला. सगळं गाव आकडे म्हणायला लागलं. फलकनं बटण दाबलं. काही नाही. पिन काढून परत घातली, परत आकडे, परत काही नाही. तिसऱ्यांदा तर गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अरे, टिटवी अंड्यावर बसलीय!" जे हसायला लागले ते थांबेनात. मच्छिंद्रशेठ खुर्चीतून म्हणाले, "गनीभाई, राकेट हाय का उदबत्ती?" सरसुद्धा हसले. माळेवर हात ठेवून हसले.

फलकच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, चाचा, पिन सैल आहे, हलली की दिवा जातो. चौतीस वर्षांत माझ्या हातची वस्तू चारचौघांत बंद पडली नव्हती.

२८ जानेवारी, बुधवार

बॉक्स खोलला. बॅटरी ठीक, बटण ठीक. दोष पिनेच्या खाचेत. आतल्या पट्ट्या सैल, पिन जरा हलली की करंट तुटतो. पट्ट्या दाबून बघितल्या, दोनदा चालला, तिसऱ्यांदा नाही. नवीन खाच मागवायची तर पंधरा दिवस. मग आपला जुना इलाज केला. खाचेच्या दोन्ही पायांना मागून वायर टाकली, सोल्डरचा डाग दिला आणि डायरेक्ट करून टाकलं. विहिरीवरच्या स्टार्टरला अख्खा तालुका हेच करतो. आता पिन सैल असो, घट्ट असो, करंट जाणारच. दहा वेळा बटण दाबलं, दहा वेळा बल्ब लागला.

पिन तशीच ठेवली. पोरांना तिचं भारी कौतुक, लग्नातल्या हारासारखी गळ्यात घालून मिरवतात. मिरवू देत. कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं की फलक पुस्तिका उघडून पान नंबर काढणार. कपाटात ठेवून कुलूप लावलं. रविवारी मच्छिंद्रशेठलाच बोलवावं म्हणतो, उदबत्ती बघायला.

१ फेब्रुवारी, रविवार

या अल्ला.

अक्षर नीट येत नाही. संस्कृती भाजली. आज सकाळी, ऊस तुटलेल्या रानात. चेहरा, उजवा हात. डोळ्याचं काही सांगत नाहीत. मच्छिंद्रशेठ तिला गाडीत घालून नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. उद्या लिहीन.

२ फेब्रुवारी, सोमवार

झालं ते असं. पाचट बाजूला करून जमीन ओली केली होती. टिटवी दांडीवर उभी केली. संस्कृती वाकून चिमटे लावत होती. घामानं काच धुरकट झाली म्हणून तिनं गॉगल कपाळावर सरकवला होता. मी बादली भरायला वळलो. मागून फलकचा आवाज येत होता, पाच, चार, तीन, नेहमीची तालीम. एक म्हणाली आणि फुस्स झालं. मी वळलो तर टिटवी आभाळात आणि संस्कृती चेहरा धरून खाली. जाळ सगळा तिच्या तोंडावर आणि हातावर आला. पार्थ ओरडत होता. फलक बॉक्स टाकून धावत आली. तिची लाल फीत तुटून पिन ढेकळांत पडली होती, ती नंतर सापडली.

टिटवी कुठं गेली, कुणी बघितलंच नाही.

शाळेत सरांनी सगळ्यांसमोर फलकला विचारलं, बटण तू दाबलंस? ती म्हणाली, "हो. पण पिन गळ्यात होती." सर म्हणाले, पिन गळ्यात असताना बॉक्स चालेल कसा? ती म्हणाली, "माहीत नाही, सर. दिवा लागल्यासारखा वाटला, पण उन्हात नीट दिसलं नाही." मच्छिंद्रशेठ उठून उभे राहिले. "पोरी, खोटं तरी नीट बोल. माझ्या लेकराचा डोळा ग्येला तर?"

मीही खडसावलं. म्हटलं, बॉक्स मी पाचच दिवसांपूर्वी ठणठणीत करून ठेवला होता, बॉक्सवर ढकलू नकोस. राग आला होता. सगळा खेळ मोडला माझा.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि जागेवर जाऊन बसली.

४ फेब्रुवारी, बुधवार

डोळ्याची पट्टी अजून आहे. डॉक्टर म्हणतात आठ दिवस थांबा. मच्छिंद्रशेठनं समितीत मागणी केली, त्या पोरीला शाळेतून काढा. दातीर सर म्हणाले, तडकाफडकी काढता येत नाही, पालकांनी आपणहून दाखला नेला तर बरं. म्हणजे काढल्यातच जमा.

सुमैरा दारात उभी राहून म्हणाली, "तुमच्या भरवशावर पाठवली होती, गनीभाई." मी म्हटलं, पोरगी आहे, चूक होते. ती म्हणाली, चूक झाली तर कबूल का करत नाही, हेच कळत नाही. दोन दिवस मार खाल्ला, तरी पिन पिन करते.

बॉक्स कपाटात आहे. बघायला नको वाटतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी फलक घरी आली. सुमैरानं सुरय्याचा शिवलेला ब्लाऊज पाठवला होता. आठ दिवसांत पोरगी वाळली. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "चाचा, माझ्याकडूनच झालं असेल. मी पिन आत घातली असेल आणि मला आठवत नसेल. असं होतं का हो माणसाचं?"

मी म्हटलं, होतं, बेटा. घाईत होतं.

"पण मला गळ्यात दिसते. डोळे मिटले की दिसते."

मी म्हटलं, मनाचे खेळ असतात ते. कबूल केलंस ना, आता मोकळी झालीस. तिनं मान हलवली आणि गेली. बरं वाटलं. सरांना सांगितलं, पोरीनं मान्य केलं. सर म्हणाले, चला, एक प्रश्न मिटला. सुरय्या मात्र स्वयंपाकघरातून म्हणाली, ही पोर मोकळी झाली म्हणता, मग चपला घालायच्या विसरून अनवाणी कशी गेली?

११ फेब्रुवारी, बुधवार

संस्कृतीचा डोळा वाचला! पट्टी निघाली, दिसतंय. भुवई जळली, गालावर डाग राहील म्हणतात. सुरय्यानं शुक्रान्याची नमाज पढली.

समितीनं ठरवलं, स्पर्धेला शाळा जाणार, माघार घेतली तर बदनामी. पार्थनं नवी टिटवी करायला घेतली. फलकच्या जागी दुसरं पोर शोधायचं. बॉक्स तोच.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सरांनी जबाब मागितला, संस्थेला पाठवायचा आहे. बॉक्स कधी तपासला, कोणत्या तारखेला, काय स्थितीत होता. तारीख आठवेना म्हणून ही डायरी काढली. मागं मागं जात २८ जानेवारीचं पान आलं.

वाचलं. परत वाचलं.

"आता पिन सैल असो, घट्ट असो, करंट जाणारच."

अक्षर माझंच आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काल पुढं लिहवलं नाही. मला कसं कळलं नाही? चौतीस वर्षं मी पोरांना बल्ब आणि बॅटरीचा प्रयोग मांडून देतोय. सातवीतलं पोर सांगेल, स्विचच्या दोन्ही टोकांना वायर टाकली की स्विच कामातून गेला. मला ते कळत होतं. पण दुरुस्ती केली म्हणजे वस्तू चांगली झाली, एवढंच डोक्यात बसलं होतं. आणि २६ तारखेचं ते हसू कानात होतं.

पोरगी खरं बोलत होती. पिन गळ्यात होती. मीच तिला सांगितलं की मनाचे खेळ असतात.

आज मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेला आतून कडी लावली, बॉक्स खोलला आणि वायर कापून काढली. खाचेच्या पट्ट्या नीट वाकवून बसवल्या. आता पिनेशिवाय बॉक्स मेलेला आहे, वीस वेळा बघितलं. नव्या पोरांना धोका नाही. हे तरी केलं.

पण हे करताना कडी का लावली, हे मला ठाऊक आहे. बोटभर वायर आहे. फेकायला गेलो, फेकवली नाही. माझ्या हत्यारांच्या पेटीत, टॉर्चखाली ठेवली.

जुम्म्याला मशिदीत मागच्या रांगेत उभा राहिलो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

जबाब लिहून दिला. "बॉक्स तपासला असता सुस्थितीत होता." सही केली. हे वाक्य आज खरं आहे, असं स्वतःला सांगत सही केली. वा रे गनीभाई.

साडेतीन महिने राहिलेत. चौकशी लागली तर पेन्शन अडकेल, निरोपसमारंभ तर सोडाच, लोक म्हणतील म्हाताऱ्यानं पोरीचं तोंड जाळलं आणि दुसऱ्या पोरीवर ढकललं. म्हणतील ते खरंच म्हणतील.

सुमैरानं दाखल्याचा अर्ज दिला. फलकला श्रीरामपूरला मावशीकडं ठेवणार. शिवण शिकेल म्हणाली. विज्ञानबिज्ञान पुरे झालं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला रोजा. सहेरीला घास उतरेना. सुरय्या म्हणाली, "तुमचं काय चाललंय? पोटात दुखतंय का मनात?" मी खेकसलो. ती म्हणाली, माझ्यावर ओरडून रोजा ठेवला तर तो उपास झाला, रोजा नाही. मग पाणी दिलं.

चोराच्या मनात चांदणं. कुणी नुसतं "गनीभाई" म्हटलं तरी आधी कपाटाकडं बघतो.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

संस्कृती आजपासून शाळेत येते. हातावर अजून गुलाबी कातडं आहे. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत आली. मी परीक्षानळ्या पुसत होतो.

"गनीभाई, फलकच्या गळ्यात पिन होती."

मी म्हटलं, तुला काय माहीत?

"मी वाकायच्या आधी रोज बघायचे. त्या दिवशीपण बघितली. आमच्या दोघींचं ठरलंच होतं, तिनं पिन धरून दाखवायची, मग मी वाकायचं. मी पप्पांना सांगितलं. ते म्हणतात तुला भीतीनं भास झाला."

नळी हातातून सुटली. ती काचा गोळा करायला वाकली. मी ओरडलो, हात लावू नको! ती दचकली. मग म्हणाली, "पिन बाहेर असताना बॉक्स कसा काय चालला? तुम्हाला तर सगळं समजतं ना?"

बघतो म्हणालो. बघतो! दुसरं काय तोंडातून निघणार?

ती जाता जाता म्हणाली, फलक शुक्रवारी दाखला न्यायला येणार आहे, आणि तिनं माझा फोन उचलणं बंद केलंय. तिला वाटतं, मीपण तिलाच दोष देते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सुरय्याला सांगितलं. इफ्तारनंतर सगळं, डायरीतल्या त्या पानासकट. ती रागावेल, रडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "किती दिवस झाले तुम्हाला कळून?"

"चौदा."

"चौदा दिवस त्या लेकराला आपण गुन्हेगार आहोत असं वाटू दिलंत?"

मी म्हटलं, पेन्शन, सुरय्या. ती म्हणाली, कोंबड्या आहेत आपल्याकडं. आणि उठून भांडी घासायला बसली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सगळं लिहितो, एकही गोष्ट सोडत नाही.

अकरा वाजता सरांच्या केबिनमध्ये सुमैरा आणि फलक बसल्या होत्या. दाखला टेबलावर, फक्त सही राहिली होती. उद्याच्या स्पर्धेचं बोलायला मच्छिंद्रशेठ आले होते. मी डायरी आणि वायर घेऊन आत गेलो. सर म्हणाले, गनीभाई, नंतर या. मी म्हटलं, सर, सही करू नका.

मला भाषण येत नाही. मी पान उघडलं आणि २८ जानेवारी वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. स्टार्टरचं, हाराचं, उदबत्तीचं, सगळं. मग कापलेली वायर टेबलावर ठेवली आणि सांगितलं की ती तेरा तारखेला कापली, आणि जबाब खोटा दिला.

मच्छिंद्रशेठ उठले. मला वाटलं मारतात. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते माझ्या अगदी जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "गनीभाई, माझी पोर आंधळी झाली आस्ती."

"व्हय."

"आन मी या पोरीला गावभर शिव्या देत फिरलो. लई वाईट बोललो मी तिला." ते परत बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सुमैरा माझ्याकडं बघत होती. तिनं एवढंच म्हटलं, "मी मारलं तिला. तुम्हाला माहीत होतं, मी मारलं तिला."

फलक मात्र रडली नाही, ओरडली नाही. माझ्या हातातल्या डायरीकडं बघत होती. म्हणाली, "चाचा, परत वाचा."

मी परत वाचलं. "करंट जाणारच" इथं तिनं मला थांबवलं.

"म्हणजे मी पिन काढली होती."

"काढली होती, बेटा. गळ्यातच होती."

"मी विसरले नव्हते."

"नाही. तू काही विसरली नव्हतीस."

मग ती रडली. सुमैरानं तिला धरायला हात पुढं केला, तर आधी तो हात तिनं बाजूला सारला. मग स्वतःच आईच्या कुशीत शिरली. मी तिथंच उभा होतो. माफी मागितली. तिनं कुशीतून तोंड वर काढलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

दातीर सरांनी दाखला फाडला. मला म्हणाले, मला वर कळवावं लागेल, गनीभाई, उद्या तुम्ही मैदानावर यायचं नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. सर म्हणाले, मार्गदर्शक म्हणून कागदावर माझं नाव होतं, तेव्हा मलाही उत्तर द्यावं लागेल. एवढं म्हणून माळ मुठीत धरून बसले.

मच्छिंद्रशेठ दारातून वळले. "पोरं जात्याल. तिघंबी. पन त्यो बॉक्स न्यायचा न्हाई."

२८ फेब्रुवारी, शनिवार

दहावा रोजा. घरी बसून आहे. सकाळी सुरय्यानं चार अंडी कापसात गुंडाळून पार्थकडं दिली. माझ्याशी अजून बोलत नाही, पण उन्हात माझी खुर्ची बाहेर काढून ठेवली.

दुपारी पार्थचा फोन आला. तिकडच्या लोकांनी त्यांचा बॉक्स दिला. नवी टिटवी सरळ गेली, पॅराशूट उघडलं, पण उतरताना दगडावर आपटली आणि अंड्याला केसाएवढी चीर गेली. बाद. पोरं म्हणे रडली, मग वडापाव खाल्ला. फलकचा रोजा, ती नुसती बघत बसली.

मी विचारलं, बटण कुणी दाबलं? म्हणाला, फलकनं. आधी ती नाही म्हणत होती. मग तिनं स्वतःचा एक नियम केला. पिन बॉक्सवाल्याच्या गळ्यात नाही, रॉकेटजवळ जो वाकेल त्याच्या गळ्यात. संस्कृती पिन घेऊन वाकली, पिन घेऊन चालत परत आली, मग फलकनं ती हातात घेतली. तिकडच्या एका मॅडमनी विचारलं, हे कुणी शिकवलं? पार्थ म्हणाला, फलकनं उत्तरच दिलं नाही.

२ मार्च, सोमवार

हे शेवटचं पान. चौकशीला कागद लागतात, म्हणून सरांनी ही डायरी मागितली आहे. अकराला नेऊन द्यायची. कपाटाच्या किल्ल्या काल दिल्या.

सकाळी फलक आली. सलाम केला, पण चाचा म्हणाली नाही. म्हणाली, ते पान बघू. मी उघडून दिलं. तिनं आईचा मोबाईल काढला, पान उन्हात नीट धरलं आणि फोटो घेतला. मग नीट आलाय का बघून दुसरा घेतला.

मी विचारलं, कशाला गं? सरांकडं तर जाणारच आहे हे.

"मला कधी परत वाटलं की माझ्याकडूनच झालं, तर बघायला."

एवढं म्हणून ती शाळेत गेली. साडेदहा वाजलेत, मलाही निघायला हवं.